वाचताना गाळलेलं वाक्य

आमच्या जीवरक्षक मंडळाचा इतिहास मी याआधी एकदा लिहिला आहे. पंचविसाव्या वर्षी मंडळाची स्मरणिका निघाली, तिच्यात माझी चार पानं आहेत. त्या लेखाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. त्यातलं बरंचसं खरंही आहे. नदी खरी, पूर खरे, वाचवलेली माणसं खरी. फक्त एक माणूस त्यात नाही, आणि मंडळ त्यानंच काढलं होतं.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं होतात. सध्याचा चिटणीस, तिशीतला हुशार पोरगा, गणपतीच्या आधी घरी आला.

"आप्पा, जुन्यातलं आता तुमीच एकटं उरलासा. तोच लेख जरा वाढवून द्या. नव्या बोटीचं, जाकिटांचं आमी घालतो."

"एकटा न्हाय," मी म्हटलं. "अजून एक जण हाय."

"कोण?"

त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? मीच कुठं लिहून ठेवलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी नुसतं बघतो म्हणालो. तो गेल्यावर ठरवलं की आता जे लिहायचं ते झालं तसंच लिहायचं.

आमचं गाव निपाणीपासून जवळ, वेदगंगेच्या काठावर. आमच्या घाटाच्या खाली नदी वळण घेते आणि वळणावर डोह आहे. उन्हाळ्यात तिथं वाळू उघडी पडते, पोरं त्यावर कबड्डी खेळतात. भाद्रपदात तीच जागा माणूस गिळते. वर पाणी संथ दिसतं आणि खालून ओढ असते. दर वर्षी एक-दोन जण जायचे. कुणी बुडालं की मग गावातली माणसं एका घराकडं धावायची. माझ्या मित्राच्या घराकडं. ते घर बौद्ध वस्तीच्या टोकाला होतं. त्याचे वडील प्रेतं काढायचे. पोलीस यायचे, पाटलाचा माणूस यायचा, वडील न बोलता कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून डोहात उतरायचे. काढून झालं की लोक त्यांच्यापासून चार हात लांब उभे राहायचे, आणि नारळ नि शेरभर तांदूळ पायरीवर ठेवून जायचे.

मित्र आणि मी शाळेत एका बाकावर. नदीत पोहायला त्यानं मला शिकवलं, वाळलेले भोपळे कमरेला बांधून. आमच्या शेतात विहीर होती. तिथं शिकलो असतो तर सोपं गेलं असतं. पण त्यानं आमच्या विहिरीत उतरायचं नाही असं घरचं म्हणणं होतं, म्हणून आम्ही दोघं वाहत्या पाण्यात शिकलो. हेही स्मरणिकेत नाही.

आम्ही बाविशीत असताना संक्रांतीच्या स्नानाला एक बाई बुडाली. वडिलांना बोलावणं आलं. ते तापानं फणफणले होते, म्हणून तोच आला. काढून झाल्यावर पायरीवर पाणी निथळत बसला आणि जमलेल्या गर्दीला म्हणाला, "मेल्यावर बोलवतासा. जित्तं असताना बोलवा की एकदा."

कुणी हसलं नाही. तो मात्र हसला. त्याचं बोलणंच तसं. आठवड्याभरात त्यानं नऊ पोरं गोळा केली, त्यात मी. बहुतेक आमच्याच भावकीतली शेतकऱ्यांची पोरं, तीन त्याच्या वस्तीतली. भोपळे लोकांच्या छपरांवरून मागून आणले, तेलाचे रिकामे डबे डांबर लावून बंद केले. बुडणाऱ्याच्या पुढून जायचं नाही, मागून जायचं, केसाला धरायचं, हात द्यायचा नाही. आधी सोल फेकायचा, मग उडी. हे सगळं त्यानं शिकवलं. पहिल्याच गणपतीला आम्ही दोघांना जिवंत काढलं. त्यातला एक आमच्यातल्याच एकाचा सोयरा, शुद्धीवर आल्यावर माझ्या मित्राला त्यानं पहिलं विचारलं, "तू कुणापैकी रं?"

मित्र आमच्याकडं वळून म्हणाला, "बघा. बुडताना इचारलं न्हाय. वर आल्यावर इचारतोय."

आम्ही पोट धरून हसलो. पुढची कित्येक वर्षं घाटावर हेच चालायचं. कुणाला काढलं की आम्ही एकमेकाला विचारायचो, "इचारलं का रं त्यानं?"

मंडळाची नोंदणी झाली तेव्हा गावातले एक वजनदार गृहस्थ अध्यक्ष झाले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना पोहता येत नव्हतं, पण त्यांच्या शब्दानं सोल मिळायचे, कंदील मिळायचे, पोलीस परवानगी मिळायची. मी चिटणीस झालो, कारण मी लिहिणारा. मित्राला कुठलंच पद नव्हतं. तो घाटावरचा प्रमुख, असं आम्ही तोंडानं म्हणायचो. कागदावर ते कधी आलं नाही, आणि त्यानंही कधी मागितलं नाही.

त्याचा एक नियम होता. विसर्जनाच्या दिवशी डोहाच्या कडेला एक जण शिट्टी घेऊन उभा राहायचा. बांधलेल्या दोराच्या पलीकडं कुणी गेलं की शिट्टी, आणि शिट्टी झाली की खालचे दोघं सोल घेऊन पाण्यात. शिट्टीवाल्यानं जागा सोडायची नाही. सोडायची झालीच तर शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि विचारायचं, "घेतली?" समोरच्यानं "घेतली" म्हटल्याशिवाय पाय हलवायचा नाही. ती शिट्टी ज्याच्या हातात, त्या वेळी नदीत जो काय असेल त्याचा जीव त्याच्यावर. आठ वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

आमच्या भागात आणखी एक रीत आहे, ती बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. भाग कर्नाटकात, पण आमच्या पिढीतल्या बहुतेकांची शाळा मराठी. बोलायला कन्नड सगळ्यांना थोडंफार येतं, पण कचेरीतला कागद कन्नडात आला की वाचणारा शोधावा लागतो. मी सरकारी नोकरीसाठी कन्नडाची परीक्षा दिली होती, पास होऊन कारकून झालो होतो. तेव्हापासून गावाचे कागद माझ्याकडं. उताऱ्यापासून वीजबिलापर्यंत काहीही. मी ओट्यावर बसून मराठीत वाचून दाखवायचो आणि लोक अंगठा किंवा सही करायचे. मी काय वाचलं ते कुणी दुसऱ्याकडून पडताळून बघत नसे. तसं करणं म्हणजे माझा अपमान झाला असता.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला पाणी घाटाच्या सातव्या पायरीवर होतं. मित्र सकाळपासून शिट्टीवर. दुपारी मी त्याला म्हटलं, जा, भाकरी खाऊन ये.

"घेतली?"

"घेतली."

तो देवळाच्या ओवरीत जेवायला गेला. पाच मिनिटांत वरून अण्णांचा निरोप आला. माझे साहेब आले होते. कचेरीतले मोठे साहेब, धारवाडकडचे, विसर्जन बघायला खास आलेले. मांडवात ते चार शब्द कन्नडात बोलणार होते आणि ते लोकांना मराठीत सांगायला मी हवा होतो. मी शिट्टी कुणाच्या हातात द्यावी म्हणून इकडंतिकडं बघितलं. खालचे दोघं पाण्याजवळ होते, हाक मारायला लांब. दोन मिनिटांचं काम, असं मनाशी म्हटलं आणि शिट्टी सदऱ्याच्या खिशात टाकून वर गेलो.

साहेब लांबण लावून बोलले. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. आमच्या मंडळाचं कौतुकच चाललं होतं. मी "प्राणांची पर्वा न करता" हे शब्द उच्चारत असताना खालून आरडाओरडा आला.

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीचा गणपती आला होता. वखारीतला एक हमाल, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, मूर्ती घेऊन दोराच्या पलीकडं गेला होता. शिट्टी झाली नाही. खालच्या दोघांनी शिट्टीवर भरवसा ठेवून तिकडं पाठ केली होती, दुसऱ्या गणपतीची गर्दी हटवत होते. मित्र ओवरीतून धावत आला, खरकट्या हातानं उडी मारली. तासाभरानं त्यानंच त्या हमालाला वर आणलं. त्याचे वडील प्रेतं आणायचे तसंच.

पायरीवर त्या हमालाची बायको आली. पंचविशीची असेल. बिड्या वळायला जायची. ती ओरडत होती, "शिट्टी कुणाकडं व्हती? कुणाकडं व्हती सांगा!"

मी तिच्यापासून दहा हातांवर उभा होतो.

ठाण्यात जायच्या आधी अण्णांनी मला देवळामागं नेलं. शांत होते.

"तू साहेबांच्या समोर व्हतास. शिट्टी तुझ्या खिशात. हे कागदावर आलं की नोकरी गेली तुझी. साहेबांचंबी नाव येणार, मग मंडळबी गेलं."

"मग?"

"शिट्टी त्याच्याकडं व्हती. जेवाय गेलता."

"अण्णा, तो माझ्याकडं देऊन गेलता."

"त्याची काय नोकरी हाय जायाला?" अण्णा म्हणाले. "दोन म्हैनं बाजूला ठेवू. मग घेऊ परत. मी हाय की."

मी होय म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत त्या गप्प राहण्याला मी स्वतःशी बरीच नावं देऊन बघितली. त्या वेळी माझी बायको गरोदर होती, वडील आजारी होते. ही कारणं खरी आहेत आणि कामाची नाहीत.

ठाण्यातला जबाब लिहिणारा रायटर विजापूरकडचा, नुकताच बदलून आलेला, मराठी येत नसलेला. मित्राचं कन्नड बाजारापुरतं. जबाब द्यायला मधे माणूस लागणार होता. तो ओल्या चड्डीवर, खांद्यावर कुणीतरी टाकलेलं पोतं घेऊन बाकावर बसला होता. म्हणाला, "तू हाईस न्हवं? तू सांग त्येला."

तो मराठीत सांगत गेला. मी शिट्टी याच्या हातात दिली, यानं घेतली म्हटलं, मग मी जेवायला गेलो. मी रायटरला कन्नडात त्याच्या तोंडचं म्हणून सांगत गेलो. शिट्टी माझ्याकडंच होती, कुणाला न देता मी जेवायला गेलो. रायटर लिहीत गेला. शेवटी त्यानं कागद माझ्याकडं सरकवला, वाचून दाखव म्हणाला. मी मित्राला मराठीत वाचून दाखवलं. सगळं वाचलं, त्याचं नाव, वय, वडिलांचं नाव, पाणी किती होतं, किती वाजता बाहेर काढलं. ते एक वाक्य तेवढं वाचलं नाही. त्या वाक्यावरून नजर खाली नेताना माझा आवाजसुद्धा अडखळला नाही.

"बरोबर?" मी विचारलं.

"तू वाचलंस म्हंजे बरोबरच," तो म्हणाला आणि सही केली. मराठीत, मोठ्या वळणदार अक्षरात. शाळेत त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

केस पुढं फारशी गेली नाही. अपघात म्हणून मिटली. पण अण्णांनी पंधरा दिवसांत मंडळाची बैठक बोलावली. त्याला मंडळातून कमी करायचा ठराव त्यांनी मांडला. तो उभा राहिला. घाबरलेला नव्हता, नवल वाटल्यासारखा होता.

"शिट्टी माझ्याकडं नव्हती. ह्याच्याकडं देऊन गेलतो."

"जबाबात तू सोता कबूल केलंयस," अण्णा म्हणाले. "खाली सही हाय."

तो माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर अजून राग नव्हता. मी काहीतरी घोटाळा झालाय असं सांगेन म्हणून तो थांबला होता.

"मर्दा, वाचून दाखवताना हे वाक्य कुठं व्हतं?"

मी म्हटलं, "व्हतं की. तुझं ध्यान नव्हतं."

ठाण्यात मी भीतीनं वागलो असं म्हणता येईल. या उत्तराला भीतीचंही कारण नव्हतं. तिथं मला खरं बोलायची पूर्ण संधी होती, आणि मी त्यालाच खोटं पाडलं.  तो खाली बसला. ठराव मी लिहिला. एकमताने मंजूर, असं लिहिलं. तो तिथंच बसलेला असताना.

त्याच्या वस्तीतली तीन पोरं त्याच दिवशी मंडळातून गेली. दोन महिने झाले, सहा झाले. मी अण्णांना एकदा आठवण केली. ते म्हणाले, "आता मिटलंय, कशाला उकरतोस?" मला ते बरंच वाटलं, हेही लिहून ठेवतो. वर्षभरात मित्र बायको-मुलीला घेऊन बेळगावला गेला, खासबागेत कापडाच्या मागावर कामाला लागला. गावी त्याची आई राहिली, ती काही वर्षांनी गेली. अण्णाही गेले. मंडळ मोठं झालं. एक गोष्ट मात्र पुढं गेली नाही, शिट्टी देताना "घेतली?" विचारायची रीत पुढच्या पोरांना कुणी शिकवली नाही. ती ज्यानं घातली तो नव्हता आणि मला ती उच्चारवत नव्हती.

चिटणीस येऊन गेल्यावर आठवड्यानं मी खासबागेला गेलो. सोबत त्या जबाबाची नक्कल नेली. मंडळाच्या दप्तरातली, चाळीस वर्षांवर मी सांभाळलेली. का सांभाळली, फाडून का टाकली नाही, मला सांगता येत नाही.

घर चांगलं आहे, दुमजली. मुलगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. दार तिनंच उघडलं. मी गाव सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला सगळं माहीत आहे. तरी "या काका" म्हणाली. मित्र पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून कन्नड पेपर वाचत होता. पेपर खाली करून त्यानं मला बघितलं आणि घडी घातली.

"आलास," तो म्हणाला. जणू मी सकाळी येतो सांगून दुपारी पोचलो होतो.

मी काय बोलणार होतो ते बसमध्ये पाठ केलं होतं. ते सोडून नक्कल काढून त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा नीट केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कन्नडात, न अडखळता. एक वाक्य कन्नडात वाचायचा, मग माझ्याकडं बघून तेच मराठीत सांगायचा, मला कन्नड येत नसल्यासारखं. नाव. वय. वडिलांचं नाव. पाणी किती होतं. त्या वाक्याशी आला. तेही वाचलं, तेही मराठीत सांगितलं, आणि पुढं गेला. सही वाचेपर्यंत थांबला नाही.

"हितं आल्यावर पहिलं हेच शिकलो," तो म्हणाला. "मागावरच्या मुकादमाकडनं. पोरीलाबी कन्नड शाळंत घातलं."

मी हात जोडले. म्हटलं, पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत सगळं लिहितो. मंडळ तू काढलंस, शिट्टी माझ्याकडं होती, सगळं.

"मला कशाला सांगतोस? मला ठावंच हाय की."

"मग गावाला सांगतो."

"गाव!" तो हसला, पहिल्यासारखा नाही. "गावातलं निम्मं मेलं, निम्म्याला मी कोण ठावं न्हाय. त्या बाईला सांग. हमालाच्या बायकूला. ती माझ्या आईच्या दारात येऊन माती टाकून गेली. त्येच्यानंतर माझी आई तिच्या पाया पडाय गेलती निपाणीला. तिनं पाय मागं घेतलं. आई परत आली आणि मला म्हणाली, खरंच रं, शिट्टी तुझ्याकडं व्हती का? मी न्हाय म्हटलं. तिनं मान हलवली, पर मला कळलं, तिला पटलं न्हवतं. मरंपर्यंत पटलं न्हाय."

मुलगी चहा घेऊन आली होती. ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. मग तो ठेवायचं सोडून आत घेऊन गेली.

चिटणिसाला मी लिहिलेलं दाखवलं. त्यानं ते वाचलं. मग म्हणाला, "आप्पा, संस्थापकांत त्यांचं नाव घालूया. फोटो असला तर फोटो घालूया. पण जबाबाचं नको. मंडळाची बदनामी व्हईल."

मी फोनवर मित्राला विचारलं. तो म्हणाला, "एवढंच घालणार असतील तर माझं नाव नगं." आणि ठेवला. म्हणून स्मरणिकेत माझा लेख नाही, आणि हे मी इथं लिहितो आहे.

हमालाची ती बायको निपाणीतच, तेव्हाच्याच गल्लीत राहते. नातीकडं. घर विचारत गेलो. उंबऱ्याशी सुपात काहीतरी निवडत बसली होती. मी गाव सांगितलं, मंडळ सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आक्का, त्या दिवशी शिट्टी माझ्याकडं होती."

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. मांडव, साहेब, जबाब, कुठलं वाक्य वाचलं नाही. तिनं मधे एकदाच विचारलं.

"म्हंजे मी वरडत व्हतो तवा तुमी तितंच व्हतासा?"

"होय."

"ऐकत व्हतासा?"

"होय."

ती रडली नाही, ओरडली नाही. ते झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.  ती म्हणाली, "त्याची आई आलती. म्हातारी. डोक्यावरचा पदर माझ्या पायावर घातला. मी पाय मागं घेतलं. तुमी घ्याय लावलंसा मला. हाय का ती?"

"नाही. गेली."

"त्यो?"

"आहे. बेळगावला."

"बोलंल माझ्याशी?"

मी फोन लावला, कोण आहे ते मित्राला सांगितलं आणि तिच्या हातात दिला. तिनं फोन कानाला लावला, पण बोलायच्या आधी माझ्याकडं बघून हातानंच खूण केली, बाहेर व्हा. मी गल्लीत जाऊन उभा राहिलो. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बराच वेळ ते चाललं. नंतर ती दारात आली, फोन माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला.

"जावा आता. परत येऊ नगासा."

चार-पाच दिवसांनी मित्राच्या मुलीचा फोन आला. ती बाई नातीला घेऊन बसनं खासबागेला आली होती, दिवसभर बसली, जेवून गेली. पुढच्या महिन्यात मित्र निपाणीला तिच्याकडं जाणार आहे.

"बाबांनी तुम्हाला कळवायला सांगितलं म्हणून कळवते," मुलगी म्हणाली. "फक्त कळवायला. या म्हणून नाही."

मी बरं म्हटलं.